माझ्या लॉगिनमध्ये वेळ बरोबर होती

“साळवी, मला भाषण नको. घड्याळ बरोबर आहे की चूक, एवढंच सांगा.”

मयेकरसाहेब टेबलापलीकडे उभे होते. ते फॅक्टरीचे वर्क्स मॅनेजर. ते बसायला तयार नव्हते, म्हणून मीही खुर्चीच्या टोकावर बसून टाइप करत होतो. शेजारी ऑफिस सांभाळणारी शुभांगी होती. दारात कंप्रेसर ऑपरेटर इस्माईलभाई उभे होते. आत यावं की बाहेरच थांबावं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी माझ्या नावाने लॉगिन केलं. ‘डेट’ ही कमांड दिली. स्क्रीनवर तारीख आली, वेळ आली. मनगटावरचं घड्याळ त्याच्याशेजारी धरलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“नक्की?”

“शंभर टक्के.”

मयेकर इस्माईलभाईंकडे वळले. “ऐकलंस? आता सांग, शनिवारी सकाळी सहाला काय करत होतास?”

“ड्यूटी करत होतो साहेब.”

“ड्यूटी! दहा-अकरा डिग्री टेंपरेचर चढलं आणि तू ड्यूटी करत होतास. डोळे मिटून करत होतास काय?”

इस्माईलभाईंनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. “साळवीसाहेब, तुमी नीट बघितलात ना?”

“बघितलं.”

“मग झालं. पण मी झोपलो नव्हतो. झोपलो असतो तर झोपलो बोललो असतो.”

एवढं बोलून ते गेले. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला आणि बंद झाला.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली. फॅक्टरीत कोळंबी आणि म्हाकुळ गोठवून परदेशी पाठवत. माझं रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि या फॅक्टरीचं वर्षभराचं मेंटेनन्सचं काम माझ्याकडे होतं. वायटूकेच्या, म्हणजे दोन हजार साल लागताना कॉम्प्युटर बंद पडतील या भीतीच्या, धामधुमीत गावातल्या निम्म्या ऑफिसांची घड्याळं मीच तपासली होती. साल बदललं, काही बंद पडलं नाही, आणि त्याचं श्रेय उगाचच मला मिळालं. त्यामुळे घड्याळाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानत. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो.

घडलं होतं ते असं. गोठवलेला माल कोल्ड स्टोअरमध्ये उणे वीस डिग्रीला ठेवावा लागतो. स्टोअरमध्ये थर्मामीटरसारखे सेन्सर लावलेले होते. कंप्रेसर रूममधला एक युनिक्सचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी त्यांचं टेंपरेचर नोंदवायचा. ते नोंदवणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. तो आल्यापासून ऑपरेटरनी हाताने लिहिणं बंद केलं होतं. शुभांगी आठवड्याचा ग्राफ काढायची. एरवी तो ग्राफ म्हणजे एक सरळ रेघ. या वेळी रेघेला मध्येच डोंगर आला होता. शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांपासून पुढे पाऊण तास. उणे वीसवरून थेट उणे नऊपर्यंत.

माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या एजंटाने तो ग्राफ मागून घेतला होता. डोंगर बघून त्याने फॅक्स केला, कारण कळवा, जबाबदार कोण ते कळवा, तोवर कंटेनर हलणार नाही. उत्तराला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत होती.

रात्रपाळी सकाळी सातला सुटायची. सहा दहा म्हणजे इस्माईलभाईंची वेळ. बाकी विचारच कुणी केला नाही.

इस्माईलभाई किनाऱ्यावरच्या नाटे गावचे. तरुणपणी बोटीवर इंजिनात काम केलेलं, मग बरीच वर्षं आखातात एका कोल्ड स्टोअरमध्ये. आता घरी राहायचं म्हणून परत आले होते. इथे ते टेम्पररी होते. आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून फॅक्टरीही बंद. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की सीझन सुरू, आणि प्रत्येक सीझनला टेम्पररी माणसांनी नव्याने अर्ज करायचा. या सीझनला त्यांना परमनंट करणार असं मयेकरांनी स्वतः सांगितलं होतं. आता त्याऐवजी नोटीस टाइप होत होती. उद्या सही झाली की कामावरून कमी. मग त्यांना परत आखात, दुसरं काही नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी शंभर टक्के म्हणालो होतो.

इस्माईलभाई गेल्यावर मी शुभांगीला विचारलं, “नोटीस द्यायलाच हवी का?”

“एजंटाला नाव पाहिजे ना सर,” ती हळूच म्हणाली. “नाव दिलं की कंटेनर सुटतो.”

घरी आलो. ताट समोर आलं. बायको म्हणाली, “तुम्ही जेवताय की भाताची शितं मोजताय?” मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग तुमचं काय चुकलं? विचारलं ते बघून सांगितलंत.” अगदी बरोबर होतं तिचं. तरी मला बसवेना. अंगणात गेलो, आत आलो, पंखा लावला, बंद केला. ‘झोपलो असतो तर बोललो असतो’ हे वाक्य डोक्यातून जाईना. खोटं बोलणारा माणूस मुद्दा वाढवतो. हा माणूस दोन वाक्यं बोलून गेला होता.

आणखी एक गोष्ट खुपत होती, पण ती काय ते सापडत नव्हतं. पायात काटा मोडलेला असावा आणि दिसू नये तसं. मी घड्याळ बघितलं होतं, बरोबर होतं. पण कुठे बसून बघितलं होतं? शुभांगीच्या टेबलावर. तिच्या पीसीवरून वायरने त्या युनिक्सच्या मशीनला जोडून घेतलं होतं. नोंदी करणारा कॉम्प्युटर खाली, कंप्रेसर रूममध्ये होता. सीझन सुरू झाल्यापासून मी त्या खोलीत गेलोच नव्हतो.

मशीन तेच. घड्याळ तेच. मग खाली जाऊन काय वेगळं दिसणार? असं स्वतःला समजावत सकाळी चहा तसाच टाकून मी स्कूटर काढली.

कंप्रेसर रूममध्ये अमोनियाचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. कोपऱ्यात काचेच्या कपाटात मॉनिटर. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, एकाखाली एक नोंदी. मी शेवटची ओळ वाचली. वेळ तीन दहा. टेंपरेचर उणे वीस.

माझ्या मनगटावर आठ चाळीस झाले होते. दारातून ऊन आत आलं होतं.

पहिला विचार आला तो असा, की प्रोग्रॅम रात्री तीनलाच अडकला असेल. मला बरंही वाटलं, कारण अडकलेला प्रोग्रॅम म्हणजे वेगळंच दुखणं, त्याचा शनिवारशी संबंध नाही. पुढची नोंद येते का बघायचं ठरवलं. दहा मिनिटं त्या खोलीत उभा राहिलो. काच पुसली. वायरी उगाच हलवल्या. पाळीवरच्या ऑपरेटरने खुणेने विचारलं, काय झालं? मी खुणेनेच सांगितलं, काही नाही. आणि मग स्क्रीन एक ओळ वर सरकली.

तीन वीस. उणे वीस.

अडकलेलं काहीच नव्हतं. सगळं व्यवस्थित चाललं होतं, फक्त साडेपाच तास मागे.

आता थोडं समजावून सांगायला हवं, कारण माझी चूक नेमकी काय ते त्याशिवाय कळणार नाही.

युनिक्सच्या पोटातलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेने चालतं, म्हणजे इंग्लंडच्या. आपण भारतात आहोत हे त्याला सांगावं लागतं. सांगायची पद्धत अशी की, कमांड टाइप करायची जी काळी खिडकी असते, जिला शेल म्हणतात, तिच्यात एक ओळ लिहायची: TZ=IST-5:30; export TZ. टीझेड म्हणजे टाइमझोन. आपण पुढे असूनही उणे का लिहायचं, हे मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं, पण ते तसंच आहे. अशा ओळीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे ही गोष्ट इथून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमनाही सांगा.

मेख अशी आहे की ही ओळ फक्त त्या लॉगिनपुरती असते. फॅक्टरीत सुपरवायझर पाळी सुरू होताना तोंडी सूचना देतो ना, तसं. त्या पाळीतल्या माणसांना ती माहीत. पाळी सुटली, सूचना संपली. शेजारच्या पाळीला तर तिचा पत्ताच नाही. कायमची व्हायला हवी असेल तर बोर्डावर लिहावी लागते. युनिक्समध्ये तो बोर्ड म्हणजे ‘प्रोफाइल’ नावाची फाइल. प्रत्येक माणसाची स्वतःची एक असते, आणि सगळ्या मशीनची मिळून एक. लॉगिन केलं की कॉम्प्युटर आधी ती वाचतो.

आदल्या सीझनमध्ये या मशीनची हार्ड डिस्क गेली होती. मी घाईत नवी टाकली. इन्स्टॉल करताना ‘तुम्ही कुठल्या टाइमझोनमध्ये आहात’ असा प्रश्न येतो. मी एंटर दाबत गेलो. मग वेळ चुकीची दिसली, तेव्हा कंप्रेसर रूममध्ये नोंदींसाठी उघडलेल्या लॉगिनमध्ये ही ओळ टाइप केली आणि तिथूनच नोंदींचा प्रोग्रॅम सुरू केला. वेळ नीट झाली. रोज रोज टाइप करायला नको म्हणून माझ्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये मात्र ती ओळ लिहून ठेवली. सगळ्या मशीनसाठीची पुढच्या खेपेला लिहू म्हटलं.

दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ही चूक संध्याकाळीच उघडी पडली असती. तिथे माणसं घरी जाताना लॉगआउट करतात. इथे मात्र एकदा सुरू केलेलं मशीन मे महिन्याच्या अखेरपर्यंत कुणी बंद करत नसे. जनरेटर होता, बॅटरी होती. सीझनला चालू झालेलं सीझन संपेपर्यंत चालायचं, हा इथला नियमच होता, कंप्रेसरलाही आणि कॉम्प्युटरलाही. त्यामुळे माझं ते तोंडी सांगणं सगळा सीझन टिकलं, आणि मी ते कायमचं झालं असं समजून विसरलो.

मग पावसाळा आला, मशीन बंद झालं. नारळी पौर्णिमेनंतर कंप्रेसरची पूजा झाली, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागलं, आणि शुभांगीने मी शिकवलं होतं तस्संच लॉगिन करून प्रोग्रॅम सुरू केला. तिने काहीही चुकवलं नाही. ती ओळ मी तिला कधी सांगितलीच नव्हती. त्या दिवसापासून कोल्ड स्टोअर इंग्लंडच्या वेळेवर होतं. तेवढ्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सरळ रेघ कितीही मागे सरकवली तरी सरळच दिसते.

आणि मला विचारल्यावर मी माझं लॉगिन उघडलं. तिथे माझ्या प्रोफाइलने मला माझीच वेळ दाखवली.

मी त्याच मॉनिटरवर दुसरी स्क्रीन उघडली, शुभांगी वापरते त्या नावाने लॉगिन केलं, ‘डेट’ विचारली. उत्तराच्या शेवटी तीन अक्षरं होती, जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची वेळ. काल ती माझ्यासमोर यायला एवढंच करावं लागलं असतं.

जिना चढताना पाय जड झाले होते असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे मी धावत गेलो. ती सही आधी झाली तर, एवढंच डोक्यात होतं.

नोटीस टेबलावर होती. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

“साहेब, थांबा. घड्याळ चूक आहे.”

मयेकरांनी चष्म्यावरून बघितलं. “काल शंभर टक्के होतं.”

“काल मी माझ्या लॉगिनमध्ये बघितलं.”

“एका मशीनला घड्याळं किती असतात, साळवी?”

“घड्याळ एकच. पण ते कुठली वेळ दाखवणार, हे ज्याच्या त्याच्या लॉगिनवर असतं. नोंदी ज्या लॉगिनमधून होतात तिथे साडेपाच तास कमी येतायत. ती सेटिंग मी कायमची केली नव्हती. माझी चूक आहे.”

“म्हणजे शुभांगीने काही गडबड केली?”

शुभांगीचा चेहरा उतरला. “नाही,” मी पटकन म्हणालो. “तिने काहीच नाही केलं. माझी चूक, माझ्या एकट्याची.”

मी त्यांना खाली नेलं. स्क्रीन दाखवली, मनगट दाखवलं. ते हिशेबी माणूस होते, एकदा बघितल्यावर वाद घालत नसत. वर येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली असावी. खुर्चीत बसले. काल बसले नव्हते.

“सहा दहा म्हणजे मग…”

“अकरा चाळीस. शनिवारी दुपारी अकरा चाळीस ते साधारण साडेबारा.”

शुभांगी सहज बोलून गेली, “शनिवारी तेव्हाच पाहुणे आले होते ना सर? स्टोअरमध्ये फोटो काढले ते?”

आणि मग तिलाच कळलं आपण काय बोललो ते. तिने फाइल उघडून त्यात तोंड घातलं.

शनिवारी मुंबईहून मालकांचे पाहुणे आले होते. मयेकर त्यांना घेऊन स्टोअरच्या दारात उभे होते. दाराला प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा असतो, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. फोटोत पट्ट्या येत होत्या, तेव्हा त्या वर बांधून ठेवल्या होत्या. दार सताड उघडं. पाळीवरच्या ऑपरेटरने टेंपरेचर चढताना बघितलं असेलच. पण दारात खुद्द मॅनेजर उभे असताना दार लावा हो, असं कोण म्हणणार?

मयेकरांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता हे चिडतील. ते चिडले नाहीत, आणि त्यामुळे मी जास्त घाबरलो.

“साळवी,” ते शांतपणे म्हणाले, “एजंटाला कारण लागतंय.”

“हो.”

“तुम्ही लेटरहेडवर लिहून द्या. नोंदी करणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये चूक होती, त्यामुळे ग्राफवर भरवसा ठेवता येत नाही. तांत्रिक कारण.”

“वेळ चूक होती साहेब. टेंपरेचर चूक नव्हतं. टेंपरेचर चढलं होतं.”

“माल ठीक आहे. पेट्यांच्या आत थर्मामीटर खुपसून काल संध्याकाळीच बघितलंय, एकाही पेटीतला माल मऊ पडलेला नाही. हवा तापली, माल नाही. तेही लिहा.” ते थांबले. “चूक तुमची आहे ना? आत्ताच म्हणालात.”

“माझीच.”

“मग लिहायला काय जातंय?”

मी विचारलं, “इस्माईलभाईंची नोटीस?”

त्यांनी कागद उचलला, दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला. “तुमचं पत्र आलं की हिची गरजच काय?”

म्हणजे व्यवहार स्पष्ट होता. मी पत्र लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. वेळेची चूक माझी, ती लिहिली. मालाची तपासणी झाली, ती लिहिली. दाराचा त्यात उल्लेख नव्हता, कारण मला तो कुणी विचारला नव्हता. आजही त्या पत्राबद्दल मला नीट ठरवता येत नाही. तेव्हा मनात एवढंच होतं की हा माणूस वाचतोय ना, मग लिही.

त्यानंतर खाली जाऊन मी मशीन दुरुस्त केलं. मशीनच्या सर्वांसाठीच्या प्रोफाइलमध्ये ती ओळ लिहिली. फाइल सेव्ह केली. लॉगआउट, परत लॉगिन, ‘डेट’. बरोबर. पण आता माझा ‘बरोबर’वर विश्वास उरला नव्हता. मयेकरांची परवानगी घेऊन मशीन पूर्ण बंद केलं. पाच मिनिटं थांबून शुभांगीला म्हटलं, “आता तू सुरू कर. पूजेच्या दिवशी केलंस तसंच. मी हात लावणार नाही.”

“सर, मला भीती वाटते.”

“तुझं काही चुकत नाही. माझं राहिलंय का ते बघायचंय.”

मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. तिने मशीन चालू केलं, लॉगिन केलं, प्रोग्रॅम सुरू केला. पहिली ओळ आली. अकरा पन्नास, उणे वीस. पाळीवरचा ऑपरेटर डबा खायला निघालेला दिसला. वेळ जमली होती.

इस्माईलभाई आदल्या संध्याकाळीच नाट्याला निघून गेले होते. मयेकर म्हणाले, शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप देऊ. मी म्हटलं, निरोप नको, मी जातो. स्कूटर काढली. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. कोणतंच वाक्य धड होईना.

ते धक्क्यावर होते. भावाच्या होडीत बर्फ भरला जात होता. लुंगी वर खोचून ते बर्फाच्या पाट्या पुढे देत होते. मला बघून पाटी खाली ठेवली नाही, पुढच्या माणसाच्या हातात दिली आणि मगच आले.

“काय ओ साळवीसाहेब, आता बर्फाचं पण टेंपरेचर बघायला आलात काय?”

भोवतालचे हसले. मला हसू आलं नाही. मी तिथेच, सगळ्यांदेखत सांगितलं. घड्याळ चूक होतं. काल मी नीट बघितलं नव्हतं. नोटीस फाटली. उद्यापासून या. माफ करा.

त्यांनी ओले हात लुंगीला पुसले. “किती चूक होतं?”

“साडेपाच तास मागे. इंग्लंडच्या वेळेवर होतं.”

“ते माहीत हाय मला.”

मी गोंधळलो. “माहीत आहे?”

“स्क्रीनवर लंडनचा टाइम येतो, ते मी पयल्या दिवशीच बघितला. बोटीवर पण असंच असायचं. रेडिओ रूममध्ये लंडनचं घड्याळ, आणि जेवायच्या खोलीत जिथे बोट असेल तिथलं. मला वाटलं माल परदेशी जातो, म्हणून मुद्दाम तसा लावलाय. चांगली पद्धत हाय बोललो.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“मयेकरसाहेब बोलले सकाळी सहा. मला ग्राफचा कागद कुणी दाखवला? मला वाटलं तुमी शिकलेली माणसं, साडेपाच तास मिळवूनच बोलत असाल.” ते आता स्वतःच हसायला लागले. “म्हणजे मी रत्नागिरीत कामाला, आणि माझी हजेरी लंडनला! तिकडचा पगार तरी द्या मग.”

घरी चला म्हणाले. त्यांची बायको, झुबेदाबी, हसली नाही. चहा ठेवला, पण कप माझ्यासमोर ठेवून तिथेच उभी राहिली.

“पासपोर्ट सकाळीच आखाताच्या एजंटाकडे गेला,” ती म्हणाली. “आता परत बोलावता. उद्या परत घालवाल. आमी काय समजायचं?”

मी कप उचलला आणि परत खाली ठेवला.

“तुमाला माहीत हाय काय, भाऊ? एवढी वर्षं मी नवरा टेपरेकॉर्डरवर ऐकलाय. तिकडून कुणी गावचा आला की यांनी बोललेली कॅसेट आणायचा. पोरं टेपला अब्बा बोलायची.”

“गप गो,” इस्माईलभाई म्हणाले. “माणूस एवढा लांब सांगायला आलाय.”

“लांब आला म्हणून चहा दिलाय ना,” ती म्हणाली आणि आत गेली.

पासपोर्ट दुसऱ्या दिवशी परत मिळाला. इस्माईलभाई रात्रपाळीला हजर झाले. कंटेनर सुटला. मालकांच्या पाहुण्यांचे फोटो फ्रेम होऊन ऑफिसच्या भिंतीवर लागले, आणि मी जाईन तेव्हा मला दिसत राहिले. पट्ट्या वर बांधलेल्या, सगळे हसतायत, तोंडातून वाफ निघतेय.

पुढच्या वर्षी माझं मेंटेनन्सचं काम फॅक्टरीने दुसऱ्याला दिलं. कारण विचारलं तेव्हा मयेकरांनी माझंच पत्र पुढे केलं. त्यात तसं काही चूक नव्हतं. जाण्याआधी एकदा कंप्रेसर रूममध्ये डोकावलो. इस्माईलभाई स्क्रीनपाशी होते. बोटाने काचेवर टिचकी मारून म्हणाले, “तुमची ती ओळ काय, परमनंट झाली ना?”

“झाली. आता मशीन कितीदा बंद करा, जात नाही.”

“बघा. तुमचं दोन मिनिटांत झालं. मी अजून अर्जच भरतोय.”

झाले तेही परमनंट, पण मयेकरांची बदली झाल्यावर.

मी हे काम अजून करतो. तरुण पोरांना शिकवताना सांगतो की सेटिंग टाइप करून चालली म्हणजे झाली असं नाही. फाइलमध्ये लिहा, मशीन बंद करा, आणि दुसऱ्याला त्याच्या लॉगिनने सुरू करायला लावा. ती ओळ विसरल्याचं मला आता फारसं वाटत नाही, ओळी सगळेच विसरतात. खुपतं ते ‘शंभर टक्के’. तेव्हापासून कुणी विचारलं, घड्याळ बरोबर आहे का, की मी आधी विचारून घेतो, कुणाचं?